हॉब्सन-जॉब्सन : कोश घ्याच, पण शेजारी मोल्सवर्थ ठेवून

आपल्याकडच्या भाषांतून इंग्रजीत गेलेले शब्द शोधायचे, तर हॉब्सन-जॉब्सन हा जुना कोश विकत घ्यावा का, असं अनुवाद करणारी मंडळी मला वरचेवर विचारतात. माझं उत्तर ‘घ्या’ असंच असतं. पण मराठी वाचकाने नुसता तोच वापरू नये. जिथे जिथे आपला शब्द येतो तिथे मोल्सवर्थ, म्हणजे मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश, उघडून ताडून पाहावं. हे मी हवेतलं बोलत नाही, तीन-चार नोंदी उलगडून दाखवते.

मी अलिबागची. कोकण किनाऱ्याबद्दलचे जुने इंग्रजी कागद मराठीत आणायचं काम करते. कंपनीची पत्रं, प्रवाशांची वर्णनं, आंगऱ्यांच्या आरमाराशी झालेल्या लढायांचे वृत्तांत. या इंग्रजीतली वाक्यं बहुधा सरळ असतात, अडतं ते शब्दांपाशी. लिहिलेला रोमन लिपीत, अनेकवचन इंग्रजी पद्धतीचं, आणि मुळात शब्द कुठला तरी तिसराच. ग्रॅब, पॅटमार, चौट, कँडी. शाळेतल्या इंग्रजी-मराठी कोशात यातले काही सापडत नाहीत, आणि जे सापडतात ते भलत्याच अर्थाने. एका छापील अनुवादात मिरीच्या वखारीत ‘शंभर खडीसाखर’ आलेली मी पाहिली आहे. मूळ शब्द कँडी, म्हणजे आपली खंडी. वीस मणांची. हॉब्सन-जॉब्सनमध्ये कँडीच्या दोन वेगळ्या नोंदी आहेत, एक वजनाची आणि एक साखरेची. वजनाच्या नोंदीत मराठी आणि तेलुगू ‘खंडी’ दिलेला आहे, साखरेच्या नोंदीत संस्कृत ‘खंड’ आणि अरबी-फारसी ‘कंद’ असा मार्ग दाखवला आहे. एवढं पाहिलं असतं तर वखारीत खडीसाखर गेली नसती.

कोशाची माहिती थोडक्यात सांगते. कर्नल हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी तो रचला, लंडनच्या जॉन मरे यांनी 1886 मध्ये छापला. यूल बंगालच्या इंजिनिअर पलटणीतला, निवृत्तीनंतर सिसिलीत पालेर्मोला राहिलेला. बर्नेल मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी, संस्कृतचा मोठा जाणकार. तंजावरच्या भोसले राजांच्या वाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची त्यानेच केली. दोघांचा पत्रव्यवहार 1872 च्या सुमारास सुरू झाला आणि त्यातून कोश वाढत गेला. बर्नेल 1882 मध्ये, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी गेला. पुढचं सगळं यूलने एकट्याने तडीस नेलं. 1903 मध्ये विल्यम क्रूकने दुसरी आवृत्ती काढली आणि स्वतःची भर चौकोनी कंसात टाकली. ही कंसाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे. आज बाजारात आणि इंटरनेटवर मिळते ती बहुतेक ही दुसरी आवृत्ती, हजारावर पानांची.

नोंदीची रचना अशी. आधी शब्द, मग व्युत्पत्ती, आणि त्याखाली सालवार उतारे. जुन्यात जुना उतारा आधी. शब्द कोणत्या साली, कोणाच्या लेखणीतून, कोणत्या रूपात आला हे डोळ्यांसमोर उभं राहतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचे भाग तेव्हा नुकतेच छापून येऊ लागले होते आणि त्याच्या संपादकाने, जेम्स मरेने, आपल्याकडच्या शब्दांसाठी या कोशाचा भरपूर आधार घेतला.

मला स्वतःला व्युत्पत्तीपेक्षा उतारेच जास्त आवडतात. मँगोची नोंद घ्या. शब्द आपल्या आंब्यावरून आलेला नाही, तमिळ-मल्याळम घराण्यातला, पोर्तुगिजांच्या ‘मांगा’मार्गे इंग्रजीत गेलेला. हे बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. पण त्याखालचा 1563 चा उतारा पाहा. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा आणि मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने होतं. त्याच वर्षी गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादग्रंथात मध्येच एक प्रसंग येतो. दोन लहान गलबतं येताना दिसतात, ऑर्ता नोकराला बघून यायला पिटाळतो. नोकर परत येऊन सांगतो की मुंबईचं तुमचं कूळ सिमांव तोस्कानो आलंय, गव्हर्नरसाहेबांना भेट द्यायला तुमच्यासाठी आंब्यांची करंडी आणलीय, होडी बांधून झाली की मुक्कामाला इकडेच येतो म्हणाला. साडेचारशे वर्षांपूर्वीची करंडी, साहेबाला खूश करायला मुंबईहून निघालेली. कोशाच्या एका नोंदीत हे वाचायला मिळतं यासाठीच मी पैसे मोजायला तयार असते.

ग्रॅबची नोंद तर आमच्या भागातल्या प्रत्येकाने वाचावी. आंगऱ्यांच्या आरमारात गुराबा आणि गलबतं होती हे इथल्या पोराटोरांना माहीत असतं. इंग्रजी कागदांत गुराबेचं ‘ग्रॅब’ होतं, आणि इंग्रजीत ग्रॅब म्हणजे झडप घालून हिसकावणं. कोशकार आधी सांगतात की मनाने व्युत्पत्ती लावणारा माणूस म्हणेल, चाचे या जहाजातून येऊन दिसेल ते हिसकावायचे म्हणून हे नाव. आणि लगेच बजावतात की खरी व्युत्पत्ती वेगळी आहे. मूळ अरबी ‘घुराब’, अर्थ डोमकावळा. कान्होजी आंग्र्यांना चाचा म्हणण्याची सवय लागलेल्या इंग्रजी लेखनात ही खोटी व्युत्पत्ती सहज चिकटली असती. ती आधीच निकालात काढल्याबद्दल यूल-बर्नेलना मी मनापासून मानते. टिफिनबाबतही ते असेच प्रामाणिक आहेत. टिफिन अरबी आहे, चिनी आहे, असं बरंच काही तेव्हा सांगितलं जायचं. ते सगळं बाजूला ठेवून कोशकार म्हणतात की हा जुन्या इंग्रजी बोलीतला ‘टिफिंग’ असावा. म्हणजे डबा आपला, टिफिन त्यांचाच.

आता मराठीच्या बाजूने पाहू.

यूल बंगालचा, बर्नेल मद्रासचा, आणि पुढे भर घालणारा क्रूक उत्तर हिंदुस्थानात नोकरी केलेला. तिघांत मुंबई इलाख्याचा कोणी नाही. याचा परिणाम कोशावर झालेला आहे आणि तो ओळखून मगच कोश वापरला पाहिजे.

पॅटमारची नोंद आधी घेते, कारण तिथे काम चोख झालं आहे. या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक पायी धावणारा टपालवाला आणि दुसरा पश्चिम किनाऱ्यावरचं तिरक्या शिडांचं जहाज. आपली फतेमारी. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात हा शब्द अजून येतो. कोशकारांनी इथे कोकणी ‘पथमार’ दिला, मल्याळम व्युत्पत्ती सांगणाऱ्याचं मत नोंदवलं, मोल्सवर्थ उघडून पतेमारी आणि फतेमारी ही दोन्ही रूपं त्याच्या अर्थासकट घेतली, आणि मुंबई गॅझेटियरचे संपादक कॅम्पबेल काय म्हणतात तेही जोडलं. शिवाय मोल्सवर्थची ‘वार्ता आणणारा’ ही फोड त्यांना पूर्ण पटली नाही, शब्दाचा दुसरा भाग उलगडत नाही, हेही स्पष्ट लिहिलं. कोशातली नोंद असावी तर अशी. माझ्या अनुवादात फतेमारीवरची तळटीप याच नोंदीच्या आधाराने उभी आहे.

आता डंगरीची नोंद उघडा. डंगरी म्हणजे जाडंभरडं सुती कापड, ज्यावरून पुढे कामगारांच्या आणि खलाशांच्या अंगातल्या पोशाखालाच डंगरीज म्हणू लागले. आज तोच शब्द लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात झळकतो. यूल-बर्नेल इथे लिहितात की हा शब्द आम्हाला माहीत असलेल्या कोणत्याही कोशात नाही. हे 1886 साल. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये आला, सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 मध्ये आली, आणि तिच्यात ‘डोंगरी कापड’ स्वच्छ दिलेलं आहे. मुंबईत डोंगरी किल्ल्याच्या, म्हणजे फोर्ट जॉर्जच्या, लगतच्या वस्तीत विकलं जाणारं साधं देशी कापड, मग त्यावरून कुठलंही हलकं स्वस्त कापड, आणि त्याचाच अपभ्रंश डंगरी. उत्तर तयार छापून पडलं होतं. पॅटमारसाठी जो ग्रंथ उघडला, तोच डंगरीसाठी उघडला गेला नाही.

सतरा वर्षांनी क्रूकने ही चूक भरून काढली. मोल्सवर्थचा तो मजकूर त्याने चौकोनी कंसात टाकला, आणि मोल्सवर्थ हा शब्द ‘डोंगरी’, म्हणजे छोटी टेकडी, इथपर्यंत नेतो हेही सांगितलं. मात्र त्याच कंसात प्लॅट्सच्या उर्दू-हिंदी कोशातला हिंदी ‘डुंगरी’ आहे, मद्रासकडचा एक तेलुगू शब्दही आहे, आणि कोण बरोबर याचा निवाडा केलेला नाही. माझं मत मोल्सवर्थच्या बाजूने आहे. ज्या गावात तो कापड विकलं जाताना पाहत होता, त्या गावाबद्दल तो बोलतो आहे. कापडाचं हे नाव इंग्रजी कागदांत सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून दिसतं, इंग्रजांना मुंबई मिळण्याच्या आधीपासून, असा आक्षेप कोणी घेईल. पण फोर्ट जॉर्ज नंतरचा असला तरी टेकडी त्याआधीही तिथेच होती, आणि वस्तीला नाव टेकडीवरून पडलेलं आहे. कंस नसलेली पहिली आवृत्ती कोणाच्या हाती लागली, तर डंगरी मराठी असल्याचा पत्ताच लागणार नाही. म्हणून म्हटलं, कंसाकडे लक्ष ठेवा.

मुंगुसाचंही तसंच. इंग्रजीतला मॉनगूस हा मराठीने जगाला दिलेला सगळ्यांत ठळक शब्द. हॉब्सन-जॉब्सन मात्र ठामपणे सांगतो की शब्द तेलुगू आहे. उत्तरेत या प्राण्याला नेवला म्हणतात हे सांगून झाल्यावर कुठे ‘जर्डन मात्र हा दख्खनी आणि मराठी शब्द असल्याचं देतो’ असं अर्धं वाक्य येतं. जर्डन हा प्राणिशास्त्रज्ञ. मराठी शब्दासाठी प्राणिशास्त्रज्ञाची साक्ष काढली, आणि मराठीचा कोश बाजूलाच राहिला. आजचे मोठे इंग्रजी कोश मॉनगूसपुढे मराठी लिहितात आणि तिच्या मागे द्राविडी मूळ दाखवतात, तेलुगूतले जवळचे शब्दही देतात. म्हणजे तेलुगूचं नातं खोटं नाही. पण इंग्रजीच्या हाती शब्द ठेवला तो मराठीने, आणि ही पायरी 1886 च्या नोंदीत जवळजवळ पुसली गेली आहे. शाळेसाठी प्रकल्प करणारी मुलं हॉब्सन-जॉब्सनवरून ‘मॉनगूस तेलुगू’ असं उतरवून घेतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. शिक्षकांनी इथे तरी दुसरा कोश दाखवावा.

घाटाची नोंद मात्र कोणीही मराठी माणसाने वाचून मान डोलवावी अशी आहे. नदीवरचा घाट, डोंगरातून उतरणारी वाट, आणि मग ती डोंगररांगच, असे अर्थ सरकत गेले, आणि शेवटचा अर्थ युरोपियनांच्या घोटाळ्यातून आला, हे त्यांनी नीट मांडलं आहे. आपण बोरघाट चढतो, आंबा घाट उतरतो, डोंगराला सह्याद्री म्हणतो. ‘वेस्टर्न घाट्स’चं मराठी करताना ‘पश्चिम घाट’ आता रुळलाय, पण अठराव्या शतकातला मजकूर असेल तर तिथे खिंड आहे की डोंगर आहे हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं, आणि ते तपासायची सवय मला या नोंदीने लावली. शोधताना एक अडचण येते. शब्दांची स्पेलिंगं जुन्या वळणाची आहेत, घाट शोधायचा तर मध्ये एक ‘यू’ घालावा लागतो. सुदैवाने आडव्या संदर्भांची सोय चांगली आहे.

कूलीच्या नोंदीत कोळी समाजाचं नाव हे मूळ मानलेलं आहे आणि मजुरी या अर्थाचा तमिळ ‘कूली’ही समोर ठेवला आहे. आमच्या किनाऱ्यावर कोळीवाडे आहेत म्हणून ही नोंद मी पुन्हा पुन्हा वाचली. बॉम्बेबद्दल ‘बों बाइया’, म्हणजे चांगली खाडी, ही लोकप्रिय गोष्ट त्यांनी तेव्हाच खोडून काढली आणि नाव मुंबादेवीवरून आल्याचं लिहिलं. ते वाचून बरं वाटतं. बोंबील, जिमखाना, चिट याही नोंदी रंजक आहेत. जिमखाना हा मुंबई इलाख्यात जुळवून तयार केलेला शब्द असावा, गेंदखान्यावरून, असा त्यांचा अंदाज आहे.

दृष्टी मात्र राज्यकर्त्यांची आहे आणि हे विसरून चालणार नाही. चौट म्हणजे चौथ. अर्थ देताना कोशकार म्हणतात, मुलूख लुटणार नाही या बोलीवर मराठ्यांनी उकळलेली खंडणी. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, ही बाजू त्या व्याख्येत नाही. कलकत्त्याभोवती 1742 मध्ये खणलेल्या मराठा खंदकाची नोंद आहे, ती बंगालच्या भीतीतून पाहिलेली. उतारे जवळपास सगळे युरोपियन प्रवाशांचे आणि कंपनीच्या माणसांचे. बखरीतलं एखादं वाक्य येईल म्हणून वाट पाहू नका. आणि कोशाचं नावच मला खटकतं. मोहरमच्या ताजियात लोक ऊर बडवून ‘या हसन, या हुसेन’ म्हणतात, ते गोऱ्या शिपायांच्या कानाला ‘हॉब्सन-जॉब्सन’ ऐकू आलं. परका शब्द कानात कसा बदलतो याचा नमुना म्हणून यूलने ते नाव निवडलं. पण शोक करणाऱ्यांच्या हाकेचं गमतीदार यमक करून ते मुखपृष्ठावर लावणं मला आजही पटत नाही.

आता विकत घेणाऱ्यांसाठी. स्वामित्वहक्क केव्हाच संपल्यामुळे भारतात याची बरीच पुनर्मुद्रणं निघतात. माझ्याकडे आहे ते (प्रकाशकाचं नाव घेत नाही) जुन्या पानांच्या छायाप्रतीवरून छापलेलं आहे. उताऱ्यांचा टाइप बारीक, आणि अक्षरांखालचे टिंब, वरच्या रेघा बऱ्याच ठिकाणी उडालेल्या. ‘ड’ आणि ‘द’ यांतला फरक त्या टिंबावर असतो, त्यामुळे हा दोष छोटा नाही. बांधणी मात्र टिकली आहे. दुकानात घेणार असाल तर डी अक्षराची पानं उघडून डंगरीची नोंद वाचून पाहा. कंसातला मोल्सवर्थचा मजकूर भिंगाशिवाय वाचता आला तर ती प्रत घ्या. ऑनलाइन मागवणार असाल तर आतल्या पानांचे फोटो असल्याशिवाय मागवू नका. केट टेल्शरने संपादित केलेली ऑक्सफर्डची 2013 ची आवृत्ती छपाईला सुबक आहे आणि तिची प्रस्तावना वाचण्यासारखी आहे, पण ती निवडक आहे. कामासाठी संपूर्णच हवी.

पैसे खर्च करायचे नसतील तर शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ या संकेतस्थळावर हॉब्सन-जॉब्सन पूर्ण आणि फुकट आहे. त्याच ठिकाणी मोल्सवर्थ आहे, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही आहे. मराठी शब्दांवर काम करणाऱ्याला घरबसल्या यापेक्षा मोठी मदत मला माहीत नाही, आणि ती फुकट देणाऱ्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. मी एका खिडकीत हॉब्सन-जॉब्सन उघडते, दुसरीत मोल्सवर्थ. पूर्ण मजकुरात शोधायची सोय निवडून मराठीसाठी कोशात वापरलेलं संक्षिप्त रूप, एम-ए-एच-आर, टाकलं की ज्या ज्या नोंदींत मराठीचा उल्लेख आहे त्या समोर येतात. ही यादी एकदा जरूर काढून पाहा. आणि यादीत नसलेला पण आपल्या ओळखीचा वाटणारा शब्द दिसला, तर तो दुसऱ्या खिडकीत शोधा.

माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक तारा डंगरी आणि मुंगुसासाठी कापला आहे.